त्यांना खायला घालून येते

सासऱ्यांना सून फारशी कळली होती असं म्हणवत नाही. ती चहा बिनसाखरेचा घेई, नळ करकचून बंद करी आणि पीएचडीनंतरही एका प्रयोगशाळेत वर्षावर्षाच्या बोलीवर संशोधन करी, एवढीच त्यांची माहिती. "घरात डॉक्टर सून, आणि माझा खोकला तसाच," असं ते तिला चिडवत. ती म्हणे, "बाबा, मी पेशींची डॉक्टर. तुम्ही फारच मोठे पडता."

मुलगा गाठीच्या दुखण्यानं जाऊन वर्ष झालं होतं. एका रविवारी चपला घालता घालता ती म्हणाली, "बाबा, त्यांना खायला घालून येते."

सासऱ्यांच्या हातातलं वर्तमानपत्र तसंच राहिलं. नवऱ्याला तिनं कधी 'अहो' म्हटलं नव्हतं. सगळा अरेतुरेचा संसार. मग हे 'त्यांना' आता कुठून आलं? पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला की काय?

"कुणाला गं?"

"पेशींना. त्यांना सुट्टी कळत नाही." मग दाराशीच थबकून ती हळूच म्हणाली, "त्याच्याच गाठीतल्या आहेत. आजारपणात त्यानंच देऊन ठेवल्या होत्या. अजून वाढताहेत."

सासरे तिच्याबरोबर गेले. सूक्ष्मदर्शकात त्यांना काचेच्या बशीच्या तळाला चिकटलेले पारदर्शक ठिपके दिसले. त्या बशा ठेवायचं कपाट माणसाच्या अंगाइतकं उबदार होतं. दाराला लावलेला तळहात त्यांना काढवेना.

"हा तो नव्हे, बाबा. हे त्याचं दुखणं."

"म्हणजे ज्यानं त्याला नेलं, त्यालाच तू पोसतेस?"

"कशानं मरतं ते कळेपर्यंत पोसावंच लागणार."

ते कळलं तरच तिची नोकरी पुढे चालणार होती. सासऱ्यांना सुनेला यश यावं असं वाटे, आणि त्या कपाटातलं कुणी मरू नये असंही. स्वतःचीच भीती वाटे. घरात बशी किणकिणली तरी ते वळून बघत. रविवारी ती निघाली की 'मी विचारलंय म्हणून सांग' असं ओठांवर येई. ते गिळून टाकत.

एका संध्याकाळी ती आली आणि दारातच उभी राहिली. "औषध लागू पडलं, बाबा. सगळ्या मेल्या." ती हसली, आणि मग भिंतीला टेकून ओक्साबोक्शी रडली. दवाखान्यातून फोन आला त्या दिवशी बसले होते, तसेच सासरे खाली बसले.

"एकही नाही उरली?"

"थोड्या गोठवून ठेवल्यात. लागल्या तर परत जाग्या करता येतात."

'जाग्या' हा शब्द त्यांच्या कानातून जाईना.

त्या कामाच्या जोरावर तिला दूरच्या शहरात जागा मिळाली. गोठवलेल्या पेशींच्या नळ्या इथेच राहणार होत्या. त्यांना कोण जागं करणार, की कुणीच नाही, हे निघायच्या दिवशी विचारायचं सासऱ्यांनी ठरवलं होतं. पुढे फोन विरळ होत होत थांबले. ती निघताना समोरासमोरचं शेवटचं बोलणं झालं ते एवढंच.

"छत्री घेतलीस?"

"बॅगेत आहे."

"आणि किल्ली?"

"खुंटीला लावलीय, बाबा."

"बरं."