अर्धे तिकीट

श्रावणातला सोमवार होता. हिंगोलीहून औंढ्याला निघालेल्या बसमध्ये मी, माझी बायको आणि पुढच्या बाकावर एक सासू-सून. सासूच्या भुवया काजळाने कोरलेल्या आणि कपाळावर एक बट मुद्दाम सोडलेली. नाटकातून सिनेमात गेलेली एक जुनी नटी तशीच बट सोडून पुरुषांकडे रोखून बघायची. म्हणून आमच्याकडे बायकांना तिचे सिनेमे बंद होते. ही बंदी फारशी पाळली गेली नसावी.

पंचाहत्तरीपुढे प्रवास फुकट, बाकी बायकांना अर्धे तिकीट. कंडक्टर म्हणाला, "आजी, कार्ड दाखवा."

"आजी कोणाला म्हणून राहिला रे? अर्धं फाड."

सून वैतागली. "आत्याबाई, कार्ड हाय की पिशवीत! काहून पैसे घालवता?"

"आमची नटी मेली, पण कोणाला वय न्हाई सांगितलं तिनं. मी भरल्या गाडीत सांगू व्हय?"

म्हातारीने डावी भुवई उचलून कंडक्टरकडे रोखून पाहिले. तो चक्क लाजला. तिने पंचवीस रुपये त्याच्या हातावर ठेवले.

"हा शुद्ध तोटा आहे," मी बायकोला हळूच म्हणालो.

बायकोने माझ्याकडे बघून डावी भुवई उचलली.