एडी झालेला माणूस

ती केस माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही. मी पोलीस नव्हते. भिवंडीच्या एका ठाण्यात झाडलोट करायचे. त्या काळी आमच्याकडे बाई पोलीस नव्हती. कोणी बाई तक्रारीला आली की हवालदार मला तिच्याजवळ बसवायचे. मी फार बोलत नसे, पण ऐकत असे.

एका सकाळी बिस्सीवाली आली. बिस्सी म्हणजे लूम कामगारांची खानावळ. ही बाई खारबावची, एरवी खणखणीत आवाजाची. त्या दिवशी मात्र पदर तोंडाशी धरून उभी. तिच्याकडे जेवणारा एक उत्तरेकडचा कामगार बरेच दिवस आला नव्हता. त्याच्या खोलीला बाहेरून कुलूप होतं.

"काय झालंय त्याला?" हवालदारांनी विचारलं.

"एडी झालीय म्हनतात. कोन तिकडं फिरकत न्हाय."

ठाण्यात एडी म्हणजे अकस्मात मृत्यू. हवालदारांनी लगेच कागद ओढला, साहेबांना कळवलं, वाटेत दोन पंच गोळा केले. पुरुषांच्या गाडीत बिस्सीवाली एकटी बसेना, म्हणून मलाही घेतलं. मयतावर टाकायची चादर माझ्या मांडीवर होती.

त्या गल्लीत लूमच्या खडखडाटात काही ऐकू येत नव्हतं. साहेबांनी त्या कामगाराच्या मुकादमाला खोलीच्या दारापुढे उभं केलं. सगळं माहीत असल्यासारखा प्रश्न टाकायचा, ही त्यांची पद्धत.

"कब मरा?"

"मरा नहीं, साहब."

"फिर एडी कैसे हुई?"

"डॉक्टर बोला. उसके खून में निकला, साहब."

खून म्हटल्यावर हवालदारांचा हात काठीकडे गेला. मुकादम रडकुंडीला आला. शिवलं की लागतं असं सगळे म्हणाले, म्हणून कुलूप लावलं, खिडकीतून पाणी देतो, एवढं त्याने कसंबसं सांगितलं. साहेबांचा विश्वास बसेना. शेवटी तो वैतागून म्हणाला, "रात भर खाँसता है, साहब. मुर्दा खाँसेगा क्या?"

साहेबांनी गल्लीतले लूम बंद करायला लावले. खडखडाट थांबला आणि दारामागून खोकला ऐकू आला.

चावी मुकादमाच्या लुंगीच्या गाठीतच होती. दार उघडलं, पण आत कोणी जाईना. पंच मागे सरकले. साहेबांनी रुमाल नाकाला लावला. खिडकीखाली हाडांचा सापळा झालेला एक माणूस आमच्याकडे बघत होता.

"माझ्या हातचं जेवलाय तो," असं म्हणून बिस्सीवाली सरळ आत गेली. तिला एकटीला तो उचलेना, म्हणून मी गेले. मयताची चादर त्याच्या खांद्यावर गुंडाळली. त्याचं अंग तव्यासारखं तापलं होतं. तो कान देऊन ऐकत होता.

"मौसी, हमारा लूम कौन चला रहा है?"

"कोन न्हाय रे. ऐक ना, बंद हाय. तुझी वाट बगतंय."

मुकादमावर डांबून ठेवल्याचा गुन्हा दाखल झाला. माणूस त्याच गाडीतून इस्पितळात गेला. तो आणखी काही महिने जगला. बिस्सीवालीचा डबा शेवटपर्यंत जात होता.

हा कसला आजार, असं मी हवालदारांना विचारलं. त्यांना ठाऊक नव्हतं. साहेबांनाही नव्हतं. नवीन आहे, मुंबईकडून आलाय, एवढंच म्हणाले. मला राहवेना. इस्पितळात एका नर्सबाईंना गाठून विचारलं, शिवल्याने होतो का? त्या म्हणाल्या, नाही. आणि नाव एडी नाही, एड्स.

हल्ली मधुमेहाच्या गोळ्या आणायला ज्या दवाखान्यात जाते तिथल्या भिंतीवर तो शब्द मोठ्या अक्षरांत लिहिलाय. आता त्यावरही गोळ्या मिळतात, माणसं कामाला जातात. तो शब्द वाचला की हवालदार आठवतात. त्या संध्याकाळी एडीचा कागद फाडताना ते म्हणाले होते, "बरं झालं मी चुकीचा अर्थ घेतला. बिस्सीवाली नुसतं तो आजारी आहे म्हणाली असती, तर तिला दारातूनच परत पाठवली असती."


ठाण्यात मी पुष्कळ पाहिलं, पण शिकले ते या एका वाक्यातून. तो मेला असं वाटलं, म्हणून गाडी निघाली.