दाराबाहेरचा चहा

“आत नका जाऊ वहिनी. तिची मीटिंग चालू आहे, आणि तिच्या साहेबाला आपण दिसलेलं चालत नाही.”

दाराबाहेर पप्पा शेजारच्या काकूंना सांगत होते. आपण हळू बोलतोय असं त्यांना वाटत होतं. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं प्रेस मशीनवर काढल्यामुळे त्यांना कमी ऐकू येतं, आणि स्वतःचा आवाज किती मोठा आहे तेही कळत नाही.

“चालत नाही म्हणजे?”

“मागं चहा द्यायला गेलो, तर साहेब म्हणाला, घरी ऑफिस बॉय ठेवलाय.” पप्पा हसले. “अंगात वर्कशॉपचा शर्ट होता ना माझ्या.”

“अगंबाई! मग ही काय म्हणाली?”

“ती काय म्हणणार? नोकरी आहे तिची.”

आत खुर्चीत मला सगळं ऐकू येत होतं. पप्पांना ऐकू गेलं नसणार, अशी दोन महिने मी स्वतःची समजूत घालत होते.

आमच्या कंपनीत घरून काम करताना दिवसभर कॅमेरा चालू ठेवावा लागतो. पाणी प्यायला उठायचं तरी ग्रुपवर लिहायचं. पप्पा मात्र रोज सव्वादहाला चहा आणायचे. वर्कशॉपमध्ये त्या वेळी मशीन बंद व्हायची आणि मालकही तोच चहा प्यायचा, म्हणे. त्या दिवशी कॅमेऱ्यात त्यांचा निळा शर्ट आणि हातातला ट्रे दिसला. “अरे वा, मॅडमनी घरी ऑफिस बॉय ठेवलाय!” साहेब म्हणाले. सगळे हसले. बोलायच्या आधी वाक्य मनात जुळवायची मला शाळेपासूनची सवय. ते जुळायच्या आत तोंडून निघून गेलं, “सॉरी सर, पुन्हा होणार नाही.” मीही थोडी हसले होते.

दुसऱ्या दिवसापासून चहा दाराबाहेरच्या स्टुलावर यायला लागला, वर बशी झाकलेली. पप्पांच्या अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट असायचा, लग्नाकार्यातला. मीटिंग संपली की मी साय धरलेला गार चहा पिऊन टाकायचे आणि लगेच कप विसळून ठेवायचे.

काकू गेल्या. दारावर नखाने रोजची टकटक झाली. पडद्यावर साहेब विचारत होते, “कोणाला काही बोलायचंय?” रोज विचारतात. कोणी बोलत नाही.

मी उठून दार उघडलं. कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून पप्पा झटकन भिंतीला चिकटले. मी परत येऊन माइक चालू केला.

“सर, त्या दिवशी तुम्ही ज्यांना ऑफिस बॉय म्हणालात...”

“कोणत्या दिवशी?” साहेबांना आठवतही नव्हतं.

पप्पा मान हलवून नको, नको म्हणत होते.

“माझे वडील आहेत ते,” मी म्हणाले.