सिलोनला निघताना सांगितलेल्या गोष्टी

आमची मुलगी पाळण्यात असतानाच तापानं गेली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं सिलोनला गेलो.

अमरावतीची माणसं तेव्हा सुट्टीत फार तर चिखलदऱ्याला जात. पण आमच्या यांचं म्हणणं, "तिथं ओळखीचे भेटतीन, इचारतीन. सिलोनात कोण इचारते?" धम्म घेतल्यापासून तिथला, गयेहून नेलेल्या फांदीचा बोधिवृक्ष पाहायचं यांच्या मनात होतंच. अकोल्याची काही मंडळी निघाली होती, त्यांच्यात यांनी आमची नावं घातली. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

सासऱ्यांचे एक दोस्त लढाईच्या काळात पलटणीबरोबर सिलोनात राहून आले होते. आम्ही त्यांना काकाजी म्हणत असू. ते मुद्दाम घरी आले आणि यांना सोडून मलाच समोर बसवलं.

"तिकडचा बी रुपयाच आहे पोरी, पण तो आपला नाही. नोट पाहून घेत जाय. पैसे बंदरावर सरकारी टेबलावरच बदलजा. रस्त्यात कोणी जास्त देतो म्हणे, तर थांबू नका. सुटे हाताशी ठेव, मोठ्या नोटा कमरेले. अन् बाजारात घडीघडी कमरेले हात लावू नोको, चोराले तेच पाह्यचं असते."

मी मान हलवत होते.

"टांग्यात बसायच्या आधी भाडं ठरवा. हॉटेलातल्या पोऱ्याले बक्षिसी निघतानी द्या. विहारात पांढरं लुगडं नेस. मूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका. भन्तेजींच्या हातात बाईनं काही द्यायचं नाही, समोर ठेवायचं. वाहायच्या फुलांचा वास नाही घ्यायचा. अन् तिथं डोक्यावर पदर चालत नाही."

घरात तेव्हा माझ्याशी कोणाला काय बोलावं ते कळत नव्हतं. सगळे हळू आवाजात जेवायला हाक मारत आणि निघून जात. काकाजींनी मात्र असं कर, तसं करू नको, एवढंच सांगितलं. ते बरं वाटलं म्हणण्याइतकंही मला काही वाटत नव्हतं, पण त्यांचा शब्द न् शब्द लक्षात राहिला.

सुया टोचून घेतल्या, पासपोर्ट आले. वर्ध्याला गाडी बदलून मद्रास, तिथून धनुष्कोडी, मग बोट. समुद्र मी पहिल्यांदाच पाहत होते. यांनी विचारलं, "कसा वाटते?" मी म्हटलं, "मोठा आहे." बंदरावर पैसे बदलले, नोटा मी नीट पाहून घेतल्या. टांगेवाल्याशी भाडं ठरवलं. सगळं सांगितल्याप्रमाणे करत गेले.

अनुराधपूरला बोधिवृक्षाच्या वाटेवर एक बाई कमळं विकत बसली होती. मी तिच्याकडून फुलं घेतली आणि डोक्यावरचा पदर खाली घेतला. कितीतरी महिने तो भुवयांपर्यंत ओढलेला असायचा. डोक्याला वारा लागला आणि उघड्यावर उभं असल्यासारखं झालं. बाईनं माझ्याकडे पाहिलं, हसली आणि आपल्या भाषेत काहीतरी विचारलं. मला समजेना, तेव्हा तिनं हात जमिनीपासून गुडघ्याएवढा, मग कमरेएवढा धरून दाखवला. मुलं किती, असं विचारत होती.

मी एक बोट वर केलं.

केवढं, असं तिनं खुणेनं विचारलं. मी दोन्ही हात पुढे करून लांबी दाखवली. ती एकदम खूश झाली. एक लहान कळी उचलून तिनं माझ्या फुलांवर ठेवली. यांनी सुटे पैसे पुढे केले, तर फक्त फुलांचे घेतले. कळीचे परत दिले.

"हे घ्यावं का?" मी यांना विचारलं.

"मले काय माहीत," हे म्हणाले. त्यांचा चेहरा कसातरी झाला होता.

मी कळी फुलांबरोबर वाहिली. वास घेतला नाही. मंडळी पंचशील म्हणत होती, मीही म्हटलं. मग खोलीवर येऊन भात खाल्ला. तिखट होता, तेवढं आठवतं.

परतीच्या बोटीवर हे बराच वेळ कठड्याशी उभे होते. मी जवळ गेले.

"तू एक म्हणून सांगतलं," हे म्हणाले.

"हो."

"काहून?"

"होती ना."

यांनी कठड्यावर डोकं टेकवलं आणि रडायला लागले. बोट लागली असं समजून एका बाईनं लिंबू आणून दिलं. मी ते हातात धरून उभी राहिले. दुसऱ्या हातानं यांची बाही धरली होती. मला रडू येत नव्हतं. आलं तर बरं होईल, असं मात्र वाटत होतं.

शाळा उघडली तशी मी शिकवायच्या कामावर परत रुजू झाले. थंडीच्या दिवसांत एकदा पहिलीच्या वर्गाची हजेरी घेत होते. काही कारण नव्हतं. एक मुलगी "हजर बाई" म्हणाली आणि मला रडू आलं. हजेरीपटावरचं पुढचं नाव दिसेना. पोरं पाहत राहिली. मग त्या मुलीनं उठून दार लोटून घेतलं.