इंग्रजी वाक्प्रचारांना स्थळं बघणारी मावशी

माझ्या मावशीने अर्ध्या शहराची लग्नं जुळवली. पुढच्या खोलीत समोरासमोर दोन खुर्च्या, एक मुलाकडच्यांची, एक मुलीकडच्यांची. मधे मावशी, मांडीवर फोटोंचा पत्र्याचा डबा. फोटो दाखवायची आणि लगेच बजावायची, "फोटोवर जाऊ नका. माणूस उजेडात, जवळून बघा." अशा बाईच्या एकुलत्या एका मुलाने परदेशातून परस्पर बायको आणावी, याला दिव्याखाली अंधार म्हणतात.

सून गोड होती, पण बोलायची फक्त इंग्रजी. मावशीचं इंग्रजी दुकानांच्या पाट्यांपुरतं. दोघी दिवसभर एकमेकींकडे बघून हसत. गाल दुखायला लागले तेव्हा मावशीने मला शेजारच्या घरातून बोलावून घेतलं.

"मला तिच्याशी एकदा तरी मनापासून बोलायचंय रे. साधे शब्द येतील मला. पण ती मधेच काहीतरी वळणाचं बोलते आणि माझी गाडी अडते. त्यांचे अर्थ सांग."

मी सांगायला लागलो. पण नुसत्या अर्थाने मावशीचं समाधान होईना. प्रत्येक इंग्रजी वाक्प्रचार म्हणजे उपवर मुलगा. त्याला मराठी मुलगी मिळेपर्यंत ती त्याला उठू देत नसे. 'पीस ऑफ केक'चं 'हातच्या मळा'शी जमलं. "मुलगा खात्यापित्या घरचा, मुलगी जरा अस्वच्छ. नांदतील." 'बीट अराउंड द बुश'ला 'ताकाला जाऊन भांडं लपवणं' मिळालं. "दोघंही लाजरे. कसा व्हायचा यांचा संसार!" 'किल टू बर्ड्स विथ वन स्टोन' ऐकून मात्र ती दचकलीच. "अरे, हा तर आपल्या 'एका दगडात दोन पक्षी'चा सख्खा भाऊ! इथे कसलं लग्न लावतोस?"

सून दारात उभी राहून हे ऐकायची आणि कळलं तेवढं हसायची. मग तिचं हसणं कमी झालं. जेवणात लक्ष लागेना. एके सकाळी कपाटावरची तिची बॅग खाली उतरवलेली दिसली, आणि ही निघाली की काय म्हणून मावशी धावली. तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं. सून म्हणाली, "अंडर द वेदर."

"म्हणजे बरं वाटत नाहीये," मी म्हणालो.

"हवा बदललीये, आई. गोळी दे तिला," म्हणत मुलगा कामावर गेला.

"याला 'कसकस' देऊन टाक, मावशी. शोभेल जोडा."

"गप रे! हा नुसता फोटो झाला. मी माणूस बघून येते."

ती खिडकीशी सुनेला खेटून बसली. कपाळाला हात लावला, कपाळ गार. डोळे ओले. बॅग उघडी, आत कपडे भरलेले नव्हतेच. नुसता एक जुना स्वेटर बाहेर काढलेला, आणि त्याची बाही सुनेने गालाशी धरलेली.

"मदर?" मावशीने विचारलं. सुनेने मान डोलावली.

"विचार तिला, जायचंय का."

मी विचारलं. सून घाईघाईने म्हणाली, नाही, जायचं नाहीये, इथेच राहायचंय, पण... आणि त्या 'पण'पुढे तिला तिच्याच भाषेत शब्द सापडेना.

"करमत नाही," मावशी हळूच म्हणाली. "सांग तिला, या घरात आले तेव्हा मलाही करमत नसे. मोरीत नळ मोठा सोडून रडायचे मी. सासूबाई म्हणायच्या, किती ग पाणी लागतं तुला भांड्यांना!"

मी नळ आणि सासूबाई पोचवल्या. सून रडतारडता हसली. पण 'करमत नाही'पाशी मी अडलो. "मावशी, याला त्यांच्यात स्थळच नाही ग."

"मग राहू दे बिनलग्नाची," मावशी म्हणाली. "सगळ्यांनी लग्न केलंच पाहिजे असं कुठंय?"

अर्ध्या शहराला बोहल्यावर चढवणारी बाई हे बोलली! सुनेने मात्र तो शब्द तसाच घेतला, दोनतीनदा घोळवून पाठ केला.

आता अधूनमधून, ऐन बोलणी रंगात आलेली असताना ती पुढच्या खोलीत येते आणि म्हणते, "आई, करमत नाही." मावशी तत्काळ उठते, डबा मुलाकडच्यांच्या मांडीवर ठेवते आणि म्हणते, "तुम्ही जरा फोटो बघत बसा."