एरर वाचणारी बाई

आईला अर्धांगवायू झाला, तेव्हा नागपूरच्या ऑफिसनं मला रायपूरच्या घरून काम करू दिलं. पण ऑफिसला जोडणारं जुनं सॉफ्टवेअर माझ्या नव्या कॉम्प्युटरवर चालेना. तो मी शंकर नगरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात नेला. तिथली बाई स्क्रीनवर येणारा प्रत्येक एरर बोट ठेवून मोठ्यानं वाचायची.

"नाही जमणार का?" मी विचारलं.

"काहून घाबरता, भैया? एरर येऊन राहिला, म्हणजे तो काही सांगून राहिला. गप्प बसला असता तर मीच घाबरली असती."

शेवटी तिनं ते जुनं सॉफ्टवेअर काढून कॉम्प्युटरमध्ये आधीपासूनच असलेल्या सोयीनं ऑफिसचं कनेक्शन लावलं आणि ऑफिसच्या फाइली उघडल्या.

घरी येऊन आईला म्हटलं, "आता नागपूरला जायचं काम नाही." ती अडखळत काहीतरी बोलली. मला कळलं नाही. मी उशाशी बसलो आणि म्हणालो, "हव, ऐकतो आहे. पुन्हा सांग."