ताडपत्रीचे शीड

दर हिवाळ्यात सोयाबीन खरेदीसाठी येणारे नॉर्वेचे एक वृद्ध व्यापारी आमच्याकडे उतरत. तुळजापूर तालुक्यातील आमच्या गावात इंग्रजी बोलणारा निवृत्त भूगोल शिक्षक मीच, म्हणून दुभाष्याचे काम माझ्याकडे आले. त्यांच्या देशात समुद्रात जाळी बांधून मासे पाळतात आणि माशांच्या खाद्यात सोयाबीन घालतात, हे मी प्रथम सांगितले तेव्हा आडतीवरचा हमाल म्हणाला, "मासं सोयाबीन खात्यात व्हय गुरुजी? मग आमी काय खायाचं?" मी भाषांतर करताच पाहुणे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

तरुणपणी ते शिडाच्या होड्यांच्या शर्यतींत देशाचे विजेते होते. वडिलांचा सुक्या माशांचा व्यापार त्यांनी वाढवला. परंतु शर्यतींच्या दिवसांत दुकान भावावर सोडून ते समुद्रावर असत. पत्नी त्याच कारणाने सोडून गेली, असे त्यांनी एकदा जेवताना सहज सांगितले होते. गेल्या हिवाळ्यात मात्र भाकरी मोडताना त्यांचा उजवा हात थरथरत होता. पुढच्या वर्षी या हातात सुकाणू राहणार नाही, असे डॉक्टर म्हणाले होते. मुलांनी होडीही विकून टाकली होती.

"तुमच्या तलावावर एकदा शीड उभारू द्या," ते म्हणाले. "शेवटचे."

तलावावरच्या कोळ्याने आपली फळ्यांची होडी दिली. बांबूची डोलकाठी झाली, फळीचे सुकाणू झाले आणि सोयाबीनच्या ढिगावरची ताडपत्री शीड झाली. रोज सकाळी पाहुणे बांधावर उभे राहून वारा पाहत. थंडीत रात्रभर जमिनीलगतची हवा स्थिर असते. उन्हे वर आली की वरचा वारा खाली उतरतो आणि दुपारी पुन्हा मंदावतो. होडीला तेवढाच वेळ मिळणार होता. निघण्याच्या दिवशी सकाळी ते पाण्यात उतरणार होते. दुपारी हैदराबादची गाडी होती.

त्या दिवशी आम्ही बांधावर पोचलो, तर मंडप उभा होता. खुर्च्या, ध्वनिक्षेपक, हार. आमच्याकडे मोठ्या कामाला निघालेल्या माणसाला शाल, श्रीफळ, फेटा दिल्याशिवाय पाठवत नाहीत; आणि एकाने सत्कार केला की राहिलेल्यांचा मान राखावाच लागतो. सरपंच झाले, माजी सरपंच झाले, सोसायटीचे अध्यक्ष झाले, मग बचत गटाच्या बाया ओवाळणीचे ताट घेऊन आल्या. तलावावर वारा खेळत होता. बांधलेली ताडपत्री फडफडत होती आणि पाहुणे भाषण करणाऱ्याकडे न पाहता तिच्याकडे पाहत होते.

मी सरपंचांच्या कानाशी लागलो. "वारा पडेल. आवरते घ्या."

"गुरुजी, पाव्हण्याला असंच पाण्यात घालायचं व्हय? लोक काय म्हनतील? आन् वारा कुठं पळून चाललाय?"

पाहुण्यांनी विचारले, "अजून किती?" मी म्हणालो, "दोघे राहिले." त्यांनी मान डोलावली. हा मान आहे, हे त्यांना कळत होते. म्हणूनच उठता येत नव्हते.

ते होडीत बसले तेव्हा सावल्या पायाशी आल्या होत्या. कोळ्याने होडी ढकलून दिली. ती थोडी सरकली आणि थांबली. शीड वाळत घातलेल्या धोतरासारखे लोंबत होते.

"मालक, वल्हं आनू का?" कोळी ओरडला.

डोक्यावर गुलाबी फेटा, सुकाणूवर उजवा हात, असे ते बसून राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी दुसरा हात वर केला. कोळी थर्माकोलच्या तराफ्यावरून गेला आणि होडी ओढून घेऊन आला. काठावर टाळ्या झाल्या.

"झ्याक झालं का न्हाय, गुरुजी?" सरपंच खरोखरच आनंदात होते.

घरी गाडी उभी होती. पाहुण्यांनी विचारले, "उद्या वारा कधी सुटेल?"

"उन्हे वर आली की."

ते फेटा काढू लागले. पण बोटांना त्याची गाठ सापडेना. मी पुढे होऊन तो उकलून दिला.